थकवा की टाळाटाळ? लिहिणाऱ्याने थांबावे केव्हा?

अर्धविराम (कर्वेनगर, पुणे)

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीसाठी पंधरवड्यातून एकदा सदर लिहिते, दिवाळी अंकांना दरवर्षी दोन-तीन कथा देते आणि उरलेल्या वेळात अनुवाद करते; घर चालते ते अनुवादावर, कथांवर नाही. दीड वर्षापासून एक कादंबरीही हाती आहे. तिची अकरा प्रकरणे झाली असून बारावे वैशाखापासून अडले आहे.

अडले म्हणजे लेखन बंद पडले असे मात्र नाही. मी रोज पहाटे पाचला उठून साडेसातपर्यंत टेबलाशी बसते आणि उठताना पानावर काही ना काही बदललेले असतेच. परंतु परवा गेल्या सहा आठवड्यांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की बाराव्या प्रकरणाचा पहिलाच परिच्छेद मी पुनःपुन्हा बदलत राहिले आहे आणि एवढे फिरून तो निघाला होता जवळजवळ तिथेच येऊन थांबला आहे. त्याच आठवड्यात माझे प्रत्येक सदर आधी वाचणारी बहीण म्हणाली, "या वेळचे तू लिहिलेले वाटत नाही, तुझी नक्कल करणाऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखे वाटते." ते मनाला लागले, कारण तिचे चुकत नव्हते.

सर्वांचा सल्ला एकच, की सुटी घ्यावी. माझी अडचण अशी की तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या अनुवादानंतर मी दोन महिन्यांची सुटी घेतली होती आणि तिचे सात महिने झाले. त्यातले पहिले दोन विश्रांतीचे होते, पुढचे पाच नुसत्या भीतीचे. शिवाय 'दिसामाजी काहीतरी ते लिहावे' ही ओळ आमच्या घरात इतक्यांदा ऐकली आहे की न लिहिता गेलेल्या दिवशी दुपारचे जेवणसुद्धा फुकटचे वाटते. त्यात जून लागला असून दिवाळी अंकांच्या संपादकांचे निरोप यायला सुरुवात झाली आहे.

तेव्हा अनुभवी मंडळींना विचारायचे ते असे: खरोखर थकवा आला आहे आणि थांबलेच पाहिजे, हे आपण कशावरून ओळखता? अवघड प्रकरणापुढून पळ काढण्यासाठी मन थकव्याचे सोंग आणत असेल, तर ते कसे कळते?

खिळेजुळारी

ताई, मी लेखक नाही. सदतीस वर्षे मुद्रितशोधन केले, आणि त्याची सुरुवात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात, शिशाचे खिळे हाताने जुळवले जात त्या काळात झाली. लेखक थकला आहे हे त्याला स्वतःला कळण्यापूर्वी बहुधा आम्हाला कळत असे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

घाईत लिहिलेल्या मजकुरात अनुस्वार सुटतात, वेलांट्या चुकतात, एखादा शब्द दोनदा पडतो. थकलेल्या लेखकाच्या मजकुरात शुद्धलेखन पुष्कळदा ठीक असते, पण शब्दच दुसरा येतो: 'उत्तर' हवे तिथे 'प्रश्न', 'सासरे' हवे तिथे 'वडील', आणि एकदा तर एका कथेत मध्येच त्याच लेखकाच्या गेल्या वर्षीच्या कथेतील नायिकेचे नाव आले होते. 'अर्थात', 'एकूणच', 'कुठेतरी' हे शब्द प्रत्येकाच्या लेखनात थोडेफार असतात. ते एका पानावर चार-पाच वेळा दिसू लागले, की या माणसाचे आपल्याच वाक्यांकडे लक्ष नाही असे मी समजत असे. सर्वांत खात्रीची खूण प्रुफांमध्ये दिसायची. पहिल्या प्रुफात बदललेली ओळ दुसऱ्या प्रुफात पुन्हा बदलून मूळपदावर येत असे, आणि तिसऱ्या प्रुफात लेखक ती पुन्हा खोडत असे. आपण बाराव्या प्रकरणाबद्दल जे लिहिले आहे ते वाचून मला ती प्रुफेच आठवली.

आणखी एक गोष्ट. थकलेल्या लेखकाचा वाचकावरचा विश्वास उडतो. कथा जिथे संपायला हवी तिथे संपलेली असते, आणि प्रूफ परत येते ते खाली चार ओळींचे स्पष्टीकरण जोडून. संपादक चांगला असेल तर त्या ओळी कापतो. नसेल तर त्या तशाच छापल्या जातात आणि पुढे वर्षानुवर्षे लेखकाला टोचत राहतात.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. केवळ कादंबरीच अडली असेल आणि सदर, अनुवाद, घरचे पत्रसुद्धा नेहमीसारखे उतरत असेल, तर दोष कादंबरीत आहे आणि बहुधा तो बाराव्या प्रकरणात नसून मागे कुठेतरी दडलेला आहे. अशा वेळी सुटी घेऊन काही साधत नाही. परत आल्यावर दोष होता तिथेच भेटतो. उलट जे जे हातात घ्यावे ते सारेच फिके उतरत असेल, तर थकला आहे तो माणूस. बहिणीने जे म्हटले ते सदराबद्दल म्हटले, कादंबरीबद्दल नव्हे, याकडे आपले लक्ष गेले का? गेल्या महिन्यातील अनुवादाची दहा पाने काढून तपासा. उत्तर तिथे मिळेल.

(छापखान्यात एक माणूस मूळ प्रत मोठ्याने वाची आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवी. ठरावीक पाने झाली की जागा बदलायच्या, असा दंडकच होता. 'मला अजून दम आहे' म्हणणाऱ्याचे कुणी ऐकत नसे, कारण असे म्हणणाऱ्याच्या पानांतच चुका अधिक सापडत.)

शनिवारपेठ

काकांचा अनुभव मोठा आहे, तरी मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. मी वीस वर्षे पत्रकारितेत आहे आणि 'लेखकाला विश्रांती हवी' हे वाक्य ऐकले की मी सावध होतो, कारण ते बहुतेक वेळा ज्याने अजून काही लिहिलेलेच नाही त्याच्या तोंडून येते. ताई, हे आपल्याला उद्देशून नाही.

आपल्याच शहरातले उदाहरण घ्या. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले आणि १९ एप्रिल १९५६ रोजी शेवटचे. एकूण छप्पन्न गीते, दर आठवड्याला एक नवे. गदिमांनी ते लिहायचे, बाबूजींनी त्याला चाल लावायची, तालीम व्हायची आणि ठरलेल्या दिवशी ते ऐकू यायचे. बारावे गीत अडले म्हणून वैशाखापासून वाट पाहण्याची सोय तिथे नव्हती. ठरलेली तारीख माणसाकडून जे काढून घेते ते मोकळा वेळ काढून घेऊ शकत नाही, असे माझे मत आहे.

विश्रांती मीही घेतो. मात्र ती कामाच्या आत घेतो, कामाऐवजी नाही. इंग्रज कादंबरीकार ट्रॉलप टपालखात्यातील नोकरी सांभाळून रोज सकाळी सुमारे तीन तास लिहीत असे, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला अडीचशे शब्द या हिशेबाने, आणि वेळ झाली की उठत असे. हेमिंग्वेची पद्धत याहून उपयोगी वाटते: पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच तो दिवसाचे काम थांबवी आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्याचा विचार टाळण्याचा प्रयत्न करी. विहिरीचा तळ लागेपर्यंत उपसा केला, तर सकाळी पोहरा कोरडाच वर येणार. आपण साडेसातला उठता तेव्हा पुढचे वाक्य हाताशी असते की सगळे संपलेले असते, हे कृपया सांगावे.

कंस

मी महाविद्यालयात गणित शिकवतो आणि अधूनमधून विज्ञानविषयक लेख लिहितो. शनिवारपेठ यांनी दिलेल्या उदाहरणातून मी वेगळाच अर्थ काढतो. आठवड्याला एक गीत म्हणजे प्रत्येक गीताच्या आधी आणि नंतर काही दिवस. काम तारखेला बांधलेले होते हे खरे, पण एक रचना हातावेगळी झाल्यावर दुसरी सुरू होई. ताई एकाच परिच्छेदाशी सहा आठवडे बसल्या आहेत, त्यामुळे ही तुलना मला जुळत नाही.

फ्रेंच गणितज्ञ पोआंकारे याने स्वतःबद्दल सांगितलेला प्रसंग आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. पंधरा दिवस तो एका प्रकारच्या फलनांशी झगडत होता. पुढे तो एका भूशास्त्रीय सहलीला गेला, प्रवासाच्या गडबडीत गणित विसरला, आणि कुतांस या गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाऊल ठेवताच त्याला एक महत्त्वाचा दुवा उलगडला. हा प्रसंग सांगणारे लोक बसची पायरी लक्षात ठेवतात आणि पंधरा दिवस विसरतात. त्याने स्वतः मात्र आवर्जून म्हटले आहे की आधीच्या जाणीवपूर्वक श्रमांवाचून असे काही सुचत नाही, आणि सुचल्यानंतर ते तपासण्याचे काम पुन्हा बसूनच करावे लागते. ग्रॅहम वॉलस याने १९२६ मध्ये विचारप्रक्रियेचे चार टप्पे मांडले, त्यांतला दुसरा हा असा मुरण्याचा आहे; लोणचे मुरायचे असेल तर आधी बरणी भरलेली असावी लागते.

यावरून मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. काय अडले आहे हे मला एका वाक्यात लिहिता आले, तर मी ते लिहून कागद खिशात ठेवतो आणि वेताळ टेकडीवर जातो. 'काही सुचत नाही' याखेरीज दुसरे काहीच लिहिता आले नाही, तर टेकडीवरून उतरतानाही काही सुचत नाही, असा माझा अनुभव आहे. चालण्याबद्दल एक प्रयोगही सांगण्याजोगा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बसून राहणाऱ्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना अधिक सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चालण्याच्या यंत्रावर चाललेल्यांनासुद्धा. परंतु ज्या कोड्यांचे एकच बरोबर उत्तर असते तिथे चालणारे किंचित मागे पडले. म्हणजे कथानकाची गाठ सोडवायला टेकडी चांगली, आणि प्रुफे तपासायला काकांची खुर्ची.

शमी

मी संस्कृतची निवृत्त अध्यापिका आहे. येथील बहुतेकांनी 'थकवा कसा ओळखावा' याचा विचार केला. तो ओळखण्याची जबाबदारी थकलेल्या माणसावरच टाकावी का, याचा मात्र कुणी केला नाही.

वेदाध्ययनाच्या परंपरेत अनध्याय नावाची व्यवस्था होती. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींना पठण बंद असे, मग शिष्याला उत्साह असो वा नसो. याखेरीज नैमित्तिक अनध्याय वेगळे: मेघगर्जना झाली, घरी थोर पाहुणा आला, की पोथी मिटायची. त्यामागची धार्मिक कारणे बाजूला ठेवली तरी त्यातली एक सोय मला मोलाची वाटते. थांबायचे की नाही हे त्या दिवशीच्या मनःस्थितीला विचारावे लागत नसे, आणि पुन्हा बसण्याचा दिवसही ठरलेला असे. अर्धविराम, आपल्या मागच्या सुटीचे दोनाचे सात महिने झाले, कारण तिला द्वितीया नव्हती.

पुढच्या आठवड्यात पालख्या पुण्यात येतील. माऊलींची पालखी येथे दोन रात्री मुक्काम करते आणि मग दिवे घाट चढून सासवडला जाते. कुणी दमले म्हणून हा मुक्काम पडत नाही. तो आधीपासून ठरलेला असतो, आणि घाट पुढे असताना असतो.

राहिली 'दिसामाजी' ही ओळ. तिचा उत्तरार्ध आपल्या घरात कुणी म्हणत नव्हते का? 'प्रसंगी अखंडित वाचीत जावे.' लिहिण्याला 'काहीतरी' म्हटले आहे आणि 'अखंडित' हा शब्द वाचनासाठी राखला आहे. न लिहिता केवळ वाचलेला दिवस त्या ओळीच्या हिशेबात वाया जात नाही.

फिजिओ_कोथरूड

साहित्यातले मला फारसे कळत नाही, पण लिहिणारे रुग्ण माझ्याकडे येतात ते नेहमी उशिराच येतात. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री झोपेतून जाग येऊन हात झटकावासा वाटत असेल, तर मनगटातली नस (मीडियन नर्व्ह) दाबली जात असण्याची शक्यता असते आणि ती तपासून घ्यावी. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहावे. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी त्यासाठी पुरेशी आहे. पहाटेचे अडीच तास न उठता बसणे मात्र मला मुळीच पसंत नाही.

आणखी एक सांगितले पाहिजे. लेखनच नव्हे तर जेवण, माणसे, आवडीचे गाणे यांतलाही रस गेला असेल, झोप बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज चालले असेल, तर तो लेखकाचा थकवा समजून घरी बसू नये, डॉक्टरांना भेटावे. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि मराठीतही बोलता येते.

अर्धविराम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला. काल पालख्या शहरातून पुढे गेल्या आणि आज रस्ते मोकळे झाले, तसे माझेही डोके थोडे मोकळे झाले आहे.

काकांच्या सांगण्यावरून अनुवादाची दहा पाने काढली. सातव्या पानावर एकच वाक्य मी लागोपाठ दोनदा, दोन निरनिराळ्या प्रकारे अनुवादित केले होते आणि ते तसेच ग्राहकाकडे गेले होते. वाचताना कानशिले तापली. तेव्हा थकवा खरा आहे हे मान्य केले. शनिवारपेठ, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की मी साडेसातला उठते तेव्हा हाताशी काहीच उरलेले नसते. बरेचदा सातलाच संपलेले असते आणि पुढचा अर्धा तास मी केवळ वेळ भरून काढते. डॉक्टर, भूक आणि गाणे दोन्ही शाबूत आहेत, झोपही ठीक आहे. पाण्याची टाकी शोधून ठेवली आहे.

तीन दिवाळी अंकांपैकी दोघांना नकार कळवला. एका संपादकांनी 'पुढील वर्षी अवश्य' असे लिहिले, दुसऱ्यांनी अद्याप काहीच कळवलेले नाही, आणि त्या गप्प बसण्याचा मला जितका त्रास व्हायला हवा होता तितका झाला नाही. सदराच्या दोन पाळ्यांची रजा मागितली होती, एक मिळाली. कादंबरी आषाढी एकादशीपर्यंत बंद ठेवून द्वादशीला पहाटे बसायचे, असे कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे. चौथ्याच दिवशी फाइल उघडून पाहिली हेही प्रामाणिकपणे सांगते.

मधल्या दिवसांत काय करावे हा प्रश्न माझ्या दिरांनी सोडवला. त्यांची पुरंदर तालुक्यात शेती आहे. मी 'रान पड ठेवल्यासारखे' असे काहीसे म्हणाले, तर ते म्हणाले की रान उघडे पडले तर त्यात तणच माजते. त्यापेक्षा बिवड बदलावा, म्हणजे पीक पालटावे, नाहीतर ताग करावा आणि फुलावर आला की गाडून टाकावा, तो विकायचा नसतो. म्हणून आजीच्या जात्यावरच्या ओव्या आत्याला फोन करून विचारते आहे आणि वहीत हाताने उतरवते आहे. त्या कुठे छापायच्या नाहीत.

कंस यांच्या कसोटीप्रमाणे अडचण एका वाक्यात लिहायला बसले. तीन कागद फुकट गेले. चौथ्यावर आले ते असे: 'आई परत आल्यावर मुलगी तिला घरात घेते की नाही हे मला ठरवता येत नाही, कारण ती का गेली, हेच मी नवव्या प्रकरणात वाचकापासून आणि स्वतःपासून लपवून ठेवले आहे.' म्हणजे काकांचा दुसरा तर्कही खरा निघाला, माणूस थकला आहे आणि कादंबरीतही दोष आहे. आता नववे प्रकरण डोळ्यांसमोरून हलत नाही. नुसते एकदा वाचून पाहिले तर चालेल का?

खिळेजुळारी

नाही. आषाढीला अजून चौदा दिवस आहेत. तो चौथा कागद वहीत ठेवा आणि आत्याबाईंना फोन लावा.